शेड पूर्ण आहे

नवीन कोंडखोल, कट्ट्याच्या वरचा कातळ
१० जून २०२५

जितू,

पत्राच्या सुरुवातीला धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायची आपल्याकडे रीत आहे. मी पेन घेऊन पाच मिनिटं बसलो, पण हात वळेना, म्हणून तसाच सुरू करतो. फोन तू उचलत नाहीस. तीन वर्षांत माझा नंबर तुझ्या मोबाईलमधून पुसला गेला असेल. कागद मात्र तुला टाळता येणार नाही, तुझं पोटच कागदावर आहे. म्हणून कागद पाठवतोय.

तेजस्वीने माहितीच्या अधिकारात तुमच्या ऑफिसातून आपल्या गावठाणाचा अहवाल काढला. तेजस्वी म्हणजे काशीकाकीची नात, कट्ट्याच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात कामाला जाते ती. तू तिला शाळेच्या गणवेशात शेवटची पाहिली असशील. तर त्या अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिलंय की धरणात बुडालेल्या कोंडखोल गावाचं पुनर्वसन पूर्ण झालं आहे, अठराच्या अठरा नागरी सुविधा दिल्या आहेत, आणि गावकरी एकमताने ठराव करून स्वखुशीने उठले आहेत. खाली सही जितेंद्र सखाराम गुरव. ती सही ओळखायला मला चष्मा लागला नाही. पाटीवर तुझा हात धरून ‘ज’ मीच गिरवून घेतला होता.

वाचून मला तुझी किळस आली. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाचं काहीतरी करता येतं.

तू इथे एकदाही आला नाहीस, म्हणून सांगतो. नळ आहेत. घरटी एक, पितळी तोटीचा, सिमेंटच्या ठोकळ्यात बसवलेला. त्याला पाईप नाही. पहिल्या वर्षी पोरं तोटी फिरवून खेळायची, आता तीही कंटाळली. पाणी टँकरने येतं, चार दिवसांनी, आणि बादलीत तळाला शेंदरी चिखल बसतो. उपकेंद्राला कुलूप आहे. खिडकीतून पाहिलं तर आत ठेकेदाराची सिमेंटची पोती दगड होऊन पडली आहेत. गटार बांधलं ते चढाच्या दिशेने, त्यामुळे सगळ्या वाडीचं सांडपाणी भाईंच्या दारात येऊन थांबतं आणि कुजतं. भाई गावचे सगळ्यात मोठे मानकरी. त्यांच्या ओटीवर बसून आता कोणी पान खात नाही, वास येतो म्हणून. आणि पान सतरावर लिहिलंय, ‘स्मशानशेड: पूर्ण आहे.’ सोबत फोटो. लाल पत्र्याची सुंदर शेड, मागे दोन माड. जितू, इथे कातळावर माड सोड, आघाडासुद्धा धड उगवत नाही. कुठल्या गावचं स्मशान आणून आमच्या फाईलला चिकटवलंस?

आता कामाचं. २३ जुलैला तुमचे वरचे साहेब स्थळपाहणीला येणार आहेत, अशी नोटीस आली आहे. त्यांनी ‘अहवाल बरोबर’ असा शेरा मारला की फाईल बंद. मग पाणी नाही की शेड नाही, काही मागायला तोंड राहणार नाही. सरकार म्हणणार, एकदा दिलं. चाळीस घरं जन्मभर या तव्यावर भाजत राहणार. तू त्याआधी तुझ्या साहेबांना लेखी दे की अहवालात चूक झाली. ‘चूक’ हा शब्द मी तुला भाऊ म्हणून देतोय, खरा शब्द वेगळा आहे.

घरटी एकाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळाला तेव्हा मी त्यावर तुझं नाव घातलं. तू शिकलेला होतास आणि मला देवाची पूजा होती. त्या दाखल्यावर तुला याच खात्यात नोकरी लागली तेव्हा गावाने तुला देवळात नारळ दिला होता, आपला माणूस आत गेला म्हणून. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते काय, ते मी तुझ्यावरून शिकलो.

ठराव कसा झाला याबद्दल मी या पत्रात काही लिहीत नाही. ते तुला ठाऊक आहे.

गणपत

ता.क. तुझी वहिनी सुगंधा विचारते, पत्र लिहितोस की अर्ज. मी म्हटलं, अर्जाला निदान पोच मिळते.


२ जुलै २०२५

जितू,

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनला दोनदा विचारलं.

काशीकाकी गेली. परवा सकाळी, न्याहारीच्या वेळेला. आई विषमज्वराने तीन महिने पडली होती तेव्हा तुला हिने अंगावर पाजलं, हे तुला वेगळं सांगायला नको. तुझ्या लग्नात तिला आईच्या मानाचं लुगडं दिलं होतं. कळवलं तर येशील म्हणून तेजस्वीने किशोरीला फोन केला. किशोरी म्हणाली, ते मीटिंगला आहेत, सांगते. सांगितलं असेल, असं मी धरून चालतो.

जुन्या गावात स्मशान नदीकाठी होतं, ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे. मागच्या दोन वर्षांत आपली तीन माणसं गेली ती सगळी उन्हाळ्यात, तेव्हा कुठेतरी उघड्यावर भागवलं. यंदा भर आषाढ. पाऊस असा की ओटीवर उभं राहून समोरचं घर दिसत नव्हतं. म्हणून मी आणि भाई शेजारच्या गावच्या सरपंचाकडे गेलो आणि त्यांची शेड एका दिवसासाठी मागितली. माणूस वाईट नाही, चहा दिला. पण म्हणाला, तुमची शेड झाली की, पेपरात आलं होतं, मग आमच्याकडे कशाला? आमच्या लोकांना चालणार नाही. मी त्याला अहवालाची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कोणाच्या सहीचा अहवाल, असं त्याने विचारलं असतं तर?

मग तेजस्वीने गावठाणाचा नकाशा काढला. आजीचं प्रेत घरात आणि ही पोरगी जमिनीवर नकाशा पसरून बोटाने जागा शोधतेय. वरच्या टोकाला, कातळाच्या उतारावर, एक चौकोन आहे, त्यावर ‘स्मशानभूमी’ लिहिलंय. ती म्हणाली, “कागदार शेड हयच आसा. आजयेक हयच न्हेवया.”  आम्ही तिथेच नेलं.

माझ्या गोठ्याचे सहा पत्रे काढले. सरणाच्या चारी बाजूंनी आठ माणसं उभी राहिली आणि बांबूवर पत्रे धरून ठेवले, वरून पाऊस, खालून आग. पत्रा तापला की हात भाजायचे, मग दुसरे आठ. पोत्याची फडकी भिजवून हाताला गुंडाळली तरी भाईंच्या मुलाच्या तळव्याचं कातडं निघालं. लाकडं ओली, धूर असा की रडतोय कोण आणि डोळे चुरचुरतात कोणाचे ते कळत नव्हतं. सकाळी अकराला लावलं ते संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला संपलं. ‘संपलं’ असं लिहितो. सगळं नीट जळलं नाही. त्यापुढचं मी लिहीत नाही, तुला रात्रीचं जेवण जायला हवं.

मला किळस आली ती प्रेताची नाही. सहावा पत्रा धरून उभा असताना मला पान सतरा आठवलं आणि स्वतःच्या रक्ताची किळस आली, कारण ते तुझंही रक्त आहे.

आणखी एक सांगतो. जायच्या आदल्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं. शुद्ध चांगली होती. माझं मनगट धरून म्हणाली, “गणपता, खरा सांग. त्या दिसा कौलाचो कळो देवानच पाडलो मा रे?”

मी म्हटलं, “व्हय गे काकी. देवानच.”

“मगे बरा,” म्हणाली. “देवान हयसर हाडल्यान तर देवच बघीत.”

मरणाऱ्या बाईशी खोटं बोललो. तिचे हात उबदार होते.

गणपत


१४ जुलै २०२५

जितू,

काल किशोरी येऊन गेली. गाडी खाली कट्ट्यालाच ठेवून रिक्षाने आली, म्हणजे तुझी गाडी कोणी पाहायला नको. ती बिचारी पाठ करून आल्यासारखं बोलली. म्हणाली, साहेब येतील तेव्हा दादांनी पुढे होऊन काही बोलू नये, एवढंच यांचं म्हणणं आहे. त्या बदल्यात देवळाचा प्रस्ताव यंदाच मंजूर होईल. पक्कं देऊळ, कळसासकट. देव तीन वर्षं पत्र्याखाली बसलाय त्याचं यांनाही वाईट वाटतं.

तुला वाईट वाटतं. वा.

मी खरंच गप्प राहिलो, कारण क्षणभर मला ते देऊळ दिसलं. हे तुझ्यापासून लपवत नाही. गुरवाला काय दाखवलं की त्याची जीभ अडकेल ते तुला बरोबर माहीत आहे, एका घरात वाढलोय आपण. सुगंधाने पाण्याचा तांब्या किशोरीपुढे ठेवला आणि म्हणाली, “देवाक शिमिटाचा घर आणि मेलेल्या माणसाक पत्रोय नाय? जितू भावजींका सांग, देवाक आमी सांभाळतो.” किशोरी रडली. जाताना तिला आंब्याची साठं दिली. तिचा काय दोष.

तर ठरावाबद्दल लिहायचं राहिलं होतं. तुला माहीत आहे, पण मला एकदा ते अक्षरात उतरवायचं आहे.

२०२२ च्या एप्रिलमध्ये तू दुपारच्या जेवणाला आलास. सुगंधाने तिसऱ्यांचं सुकं केलं होतं, तू दोनदा वाढून घेतलंस. हात धुताना म्हणालास, एक जूनला धरणाची दारं बंद होणार, काही झालं तरी होणार. लोक उठले नाहीत तर पोलीस येतील, आणि पोलीस नाही आले तर पाणी येईल. गावठाणाचं काम चतुर्थीच्या आत पूर्ण करून देतो, माझी जबाबदारी. फक्त ठराव हवा. आणि मग म्हणालास, “दादा, माझा कोण आयकतलो? देवाचा आयकतीत.”

तुला हवं ते तू नाव घेऊन बोलला नाहीस. मलाही नाव घेऊन विचारायची गरज पडली नाही.

गावाने कौल लावायचं ठरवलं होतंच. उठावं की बसून राहावं, हे देवालाच विचारायचं. चाळीस घरांची माणसं देवळात. देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे फुलांच्या पाकळ्यांचे कळे पाण्याने चिकटवायचे. उजवा कळा आधी पडला तर देव ‘हो’ म्हणतो, डावा पडला तर ‘नाही’. बापाने मला शिकवलं तसं बोटं नुसती पाण्यात बुडवायची असतात. मी डाव्या कळ्यांना गंध लावलं. दाट, उगाळलेलं गंध. उजव्यांना पाणीसुद्धा धड लावलं नाही. उजवा कळा मी हात मागे घेईपर्यंत पडला. देवळात एक हुंदका ऐकू आला, मग सगळे उठून नमस्कार करायला लागले. दुसऱ्या दिवशी एकमताने ठराव. स्वखुशीने.

मी स्वतःला सांगत आलो की माणसं वाचावीत म्हणून केलं. तीन वर्षं त्यावर झोप लागत होती. गेल्या आठवड्यात तेजस्वीने फाईलमधलं आणखी एक पान माझ्यापुढे धरलं. दारं बंद करायचा हुकूम ठरावानंतर आठ दिवसांनी निघालाय, आणि त्यात लिहिलंय की गावाची संमती मिळाल्यामुळे हुकूम देण्यात येत आहे. म्हणजे आधी नव्हताच. संमती नसती तर पुनर्वसन झाल्याशिवाय त्यांना पाणी अडवता येत नव्हतं, कायदाच तसा आहे. एक जून ही तारीख तू माझ्या ओटीवर जेवता जेवता तयार केलीस. आणि मी तुझ्या तारखेवर देवाचा शिक्का मारला.

तुला हे माहीत होतं का, की तुलाही कोणीतरी तसंच सांगितलं होतं? हा एकच प्रश्न मी तुला मनापासून विचारतोय.

काशीकाकीच्या बाराव्याला सगळा गाव जमला होता. जेवणं झाल्यावर मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, गंधासकट. तुझं नाव मी घेतलं नाही. भाई एवढंच म्हणाले, “कित्याक केलंस?” मी म्हटलं, भियालंय. देवळाचं झाडलोट करणारी सीता मागून म्हणाली, “गंध दाट लावलंस ता माका दिसलेला. माका वाटला, गुरवाक काय ता कळता.” आणि तोंडाला पदर लावला. म्हणजे तिने पाहिलं होतं आणि तीही गप्प राहिली होती. मला वाटतं आणखीही दोघातिघांनी पाहिलं होतं. कोणीतरी आपल्यासाठी ठरवून टाकावं, इतके सगळे तेव्हा थकले होते.

भाईंनी निवाडा दिला की यापुढे मी देवाला हात लावायचा नाही. पूजा चुलत्याच्या सर्वेशकडे गेली. आठ पिढ्यांचा मान, दोन मिनिटांत गेला. मला कोणी शिवी दिली नाही. द्यायला हवी होती.

मी माझं सांगून टाकलं, जितू. आता तुझं राहिलं. अजून नऊ दिवस आहेत.

गणपत


२५ जुलै २०२५

जितू,

परवा तुझ्याशी बोलायला मिळालं नाही. साहेबांची गाडी लगेच वळली आणि तू मागच्या सीटवर काच वर करून बसलास. म्हणून हे चौथं पत्र. तिसरं तू फोडलंच नव्हतंस, हे मला परवा कळलं. कसं कळलं ते पुढे येईलच.

सोमवारी सकाळी टेम्पो आला. चार लोखंडी खांब, लाल पत्रे, चार कामगार. विचारलं तर म्हणाले, स्मशानशेड. बरोबर नकाशातल्या चौकोनावर आले आणि काशीकाकीची काळी जागा होती तिच्यावरच सिमेंट ओतायला लागले, पावसात. मी म्हटलं, अरे बाबांनो, निदान इकडची राख उचलू द्या. ते थांबले, आम्ही उचलली, मग त्यांनी कोबा केला. मंगळवारी संध्याकाळी शेड उभी. एका पत्र्याच्या कोपऱ्यावर मंडपवाल्याचा शिक्का होता, त्यावर घाईघाईने रंग फासलेला. तीन वर्षं नाही झालं ते दोन दिवसांत झालं. माणसं मेली तेव्हा नाही, साहेब येणार म्हटल्यावर झालं. मी कोब्यावर उभा राहिलो तर तो पायाखाली दबला.

बुधवारी तुम्ही आलात. तुझे केस पिकलेत. प्लास्टिकच्या पिशवीत नारळ आणि उदबत्ती घेऊन तू गाडीतून उतरलास, तेव्हा मला आधी कळेना. मग तुझ्या बरोबरच्या माणसाने सांगितलं, शेडचं उद्घाटन करून टाकू, फोटो होईल. स्मशानाचं उद्घाटन करतात हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पहिला मान कोणाचा, असं मागून कोणीतरी विचारलं आणि दोघंतिघं हसली. साहेबांना ते कळलं नाही, ते घाटावरचे. माणूस सरळ वाटला, छत्री स्वतःची स्वतः धरली होती.

आणि तू त्यांना सांगितलंस, “सर, आमचे बंधूच गावचे गुरव आहेत. ते गाऱ्हाणं घालतील.”

सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. तेव्हा मला कळलं की माझं तिसरं पत्र तुझ्या टेबलावर बंद पडून आहे. मी हात जोडून मागे सरलो. नारळ तू माझ्यापुढे धरलेला, आणि मी घेत नाही. साहेब घड्याळ बघताहेत. मग भाई पुढे आले. म्हणाले, “घाल गणपत. आजच्या दिसापुरता.”

मी नारळ घेतला. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, खरं सांगतो. गाऱ्हाण्याचं तोंड उघडलं की पुढचं आपोआप येतं, बाप म्हणायचा तसं.

“बा देवा गांगेश्वरा, म्हाराजा! आज ह्या कातळार तुझी लेकरां जमली आसत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणाला.

“तुझा देऊळ पाण्याखाली गेला, तुका आमी पत्र्याखाली बसवलो, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तुझ्या गुरवान तुझ्या नावान खोटो कौल दिल्यान, तेची शिक्षा तेका भोगूक दी, म्हाराजा!”

इथे गाव थोडा अडखळला. भाई एकटे म्हणाले, मग सगळे म्हणाले.

“काशीबायक जळूक छप्पर नाय गावला, भर पावसात आठ आठ माणसांनी पत्रे धरले, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बायकांचा आवाज वर चढला.

“ही शेड परवा हय नव्हती, काल उभी रवली, नि आज तेचो नारळ फुटता, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

त्यात तुझा आवाज होता, जितू. माझ्या उजव्या खांद्यामागून, सगळ्यांत स्पष्ट. पाच वर्षांचा असल्यापासून तू बापाच्या मागे तिथेच उभा राहायचास आणि गावाच्या आधी ‘व्हय’ म्हणायचास. पहिल्या चार वेळा तू तोंड दाबून धरलं असशील. पाचव्या वेळी तुझ्या लक्षात राहिलं नाही. मी मागे वळलो तेव्हा तू दोन्ही हात जोडून डोळे मिटून उभा होतास.

साहेबांनी तेजस्वीला विचारलं, हे काय म्हणाले. तिने एकेक वाक्य मराठीत सांगितलं, स्वतःचा एक शब्द न घालता. साहेब ऐकत होते. मग तुझ्याकडे वळून म्हणाले, “गुरव, तुम्हीही हो म्हणालात?”

मला वाटलं तू म्हणशील, सवय आहे सर, रीत आहे. तुझ्या ओठांवर ते आलंही होतं, मला दिसलं.  पावसाचा पत्र्यावर आवाज तेवढा होता. आणि तू म्हणालास, “हो सर.”

त्यांनी गाडीच्या बॉनेटवर पंचनामा लिहायला लावला. शेड दोन दिवसांपूर्वी उभारली असल्याचं उपस्थितांनी सांगितलं, नळांना जोडणी आढळली नाही, फाईल बंद करण्याची शिफारस करता येत नाही. गावातल्या पंचांनी सह्या केल्या, मग तू केलीस. छत्री नव्हती म्हणून तुझ्या सहीवर थेंब पडला आणि शाई पसरली. साहेबांनी पुन्हा करायला लावली. दोनदा खरं लिहायला लागलं तुला.

लोक म्हणाले, गणपत, जिंकलंस. मला तसं काही वाटलं नाही. चौकशी लागेल, किशोरीने फोनवर सुगंधाला रडून सांगितलं, कदाचित निलंबनही होईल. मला आनंद झाला नाही आणि कीवही आली नाही. शिसारी आहे तशीच आहे. फक्त आता ती नुसती तुझी येत नाही, आपल्या दोघांची येते, आणि त्यामुळे सोसायला थोडी सोपी झाली आहे.

आता हे का लिहितोय ते सांगतो. आज सकाळी तोच टेम्पो परत आला. पत्रे न्यायला. मंडपवाल्याला पुढच्या लग्नाला हवेत म्हणे. सुगंधा, सीता, तेजस्वी आणि वाडीच्या वीसेक बायका शेडखाली जाऊन बसल्या त्या अजून उठलेल्या नाहीत. सकाळपासून स्मशानात बसलोय आम्ही, जिवंत माणसं, चार भाड्याचे पत्रे जाऊ नयेत म्हणून. मीही इथेच बसून हे पत्र लिहितोय, कोब्यावर, पाय लांब करून. टेम्पोवाला वर कातळावर गाडी लावून विडी ओढतोय. ठेकेदाराने त्याला सांगितलंय, संध्याकाळपर्यंत थांब, बायका कंटाळून जातील.

तुझ्या अहवालात लिहिलंय, शेड पूर्ण आहे, काम शासनाच्या ताब्यात घेतलं आहे. म्हणजे हे पत्रे आता ठेकेदाराचे नाहीत, गावाचे आहेत. तुझ्या खोट्या सहीचा एवढा तरी उपयोग आहे. पण ते त्या टेम्पोवाल्याला तूच येऊन सांगायला हवंस, आमचं तो ऐकत नाही. कणकवलीहून दीड तास. हे पत्र पोस्टाने पोचायला उशीर होईल, म्हणून तेजस्वी त्याचा फोटो काढून किशोरीला पाठवतेय. आज तरी तुझी बायको तुला वाचून दाखवील.

सुगंधा चहाची किटली भरायला घरी निघाली आहे. जाता जाता विचारतेय, “एक पेलो जास्त हाडू काय?”

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. लवकर ये.

दादा